मालनबाईंच्या केसांना इस्त्री

सुलभाबाईंच्या तेराव्याचं जेवून आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच मालनबाईंनी जाहीर केलं, "मला फोटो काढायचाय. एकटीचा. मी आहे तवरच."

रेणू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. सासूला आत्याबाई म्हणायची त्यांच्या घरातली रीत. "कसला फोटो, आत्याबाई?"

"कसला म्हंजे? भिंतीवरचा."

रेणूनं तांब्या पुढे केला. मालनबाई घटाघट पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसून सगळा प्रकार सांगू लागल्या. सुलभाबाई म्हणजे हैदराबादच्या सुलतान बाजारात लग्न होऊन आल्यापासूनची त्यांची मैत्रीण. हसरी, गोरीगोमटी बाई. पण गेली तेव्हा मुलांना घरात तिचा एकही धड फोटो सापडेना. कुठं ती वाढपात वाकलेली, कुठं नातवाच्या मागं अर्धी. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला. आधारच्या कॅमेऱ्यापुढे तसं कोणीच सज्जन दिसत नाही, पण सुलभाबाई तर अशा दिसत होत्या की बसमध्ये कुणाची तरी पर्स मारून नुकताच कबुलीजबाब दिलाय. त्या फोटोला हार घातला होता आणि खाली लोक जिलबी खात होते.

"मला पानावर बसवेना बघ," मालनबाई म्हणाल्या. "वाटलं, आत्ता म्हणंल, माझी झडती घ्या."

घरातलं उदाहरणही काही बरं नव्हतं. मालनबाईंचे यजमान हिम्मतराव गेले तेव्हा त्यांचा फोटो वैशालीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतला होता. त्या फोटोत व्याह्यांचा हात हिम्मतरावांच्या खांद्यावर होता. स्टुडिओवाल्यानं हात पुसून तिथं कोट रंगवला, पण अंगठा राहिलाच. तेव्हापासून त्या फोटोला हार कसा घालायचा याचं घरात शास्त्र झालं होतं. हार अंगठ्यावरून गेला पाहिजे. फुलं सुकून आकसली की व्याही डोकावत.

तर मालनबाईंची मागणी रास्त होती. विकासनं, म्हणजे रेणूच्या नवऱ्यानं, पेपरातून मान न काढता "काढू की, त्यात काय," म्हणून परवानगी दिली. अडचण पुढं आली.

"पण फोटोत केस सरळ पायजेत," मालनबाई म्हणाल्या. "सपाट. चापून बसलेले."

रेणूनं त्यांच्या डोक्याकडं बघितलं. मालनबाईंचे केस पांढरे झाले, विरळ झाले, पण मवाळ झाले नाहीत. बारीक कुरळे, आखूड, आणि कशालाही न बधणारे. तेल थापून, पाणी मारून, पिना खोचून त्या सकाळी त्यांना झोपवत आणि दुपारच्या चहाला केस उठून बसत. त्यांच्या सासूनं सून घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या केसांना 'काथ्या' असं नाव दिलं होतं. "काथ्या आवर आधी, मग चुलीपुढं ये." असलं बरंच. लग्नाच्या फोटोत मालनबाईंच्या डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला आहे. खाली जे दिसतं ती मालनबाई आहे हे केवळ घरच्यांनी सांगितलं म्हणून मानायचं.

विकाससाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा मालनबाईंनी रेणूला स्वयंपाक विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. "जरा पाठमोरी हो गं," एवढंच म्हणाल्या. सरळ, काळी, कमरेपर्यंतची वेणी बघितली आणि सोयरीक पक्की झाली. आपल्या घरातला काथ्या आपल्यापाशीच संपावा, असा त्यांचा हिशेब होता. मग प्रियदर्शिनी झाली, आणि बाळ जन्मालाच आलं मुळी स्प्रिंगसारखे केस घेऊन. मालनबाई दवाखान्यात पाळण्यापाशी बसून रडल्या होत्या. नर्सला वाटलं, मुलगी झाली म्हणून. तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

आता तीच प्रियदर्शिनी गच्चीबावलीच्या एका कंपनीत कामाला होती आणि रोज सकाळी आपल्या खोलीतून सरळ, पाण्यासारखे केस घेऊन बाहेर पडत होती. आत जाताना काथ्या, बाहेर येताना धबधबा. मधल्या वेळात ती दोन पट्ट्यांच्या चिमट्यासारखं एक यंत्र तापवून केसांवरून फिरवी. घरात सगळे त्याला इस्त्री म्हणत. जन्मभर देवाची करणी म्हणून जे डोक्यावर वागवलं ते विजेच्या बटणावर जातं, हे मालनबाईंना पंच्याहत्तरीत कळलं होतं आणि त्याचा त्यांना मनस्वी राग आला होता.

"प्रिये, रविवारी माझ्या डोक्याला इस्त्री कर," त्या नातीला म्हणाल्या.

प्रियदर्शिनीनं आजीकडं असं बघितलं की जणू आजीनं मोटारसायकल मागितली. "आज्जी, डायरेक्ट? असं कसं डायरेक्ट? आधी प्रोटेक्शन लागतं."

"कशापासून?"

"हीटपासून. तुझे केस व्हर्जिन आहेत."

विकासचा पेपर जरासा खाली आला आणि परत वर गेला. या विषयात त्याला मत नव्हतं. मत असण्याइतके केसही उरले नव्हते.

"मग लाव की ते प्रोटेक्शन."

"तेच तर! बाजारात जे मिळतं त्यात सगळ्यात सिलिकॉन असतं. मी सिलिकॉन सोडलंय, आज्जी. सिलिकॉन म्हणजे केसावर प्लॅस्टिकचा रेनकोट. वरून चमकतं, आत केस मरतो."

"केस मेलेलाच असतो की गं. म्हणून तर कापताना दुखत नाही."

हा मुद्दा प्रियदर्शिनी बघायची त्या कुठल्याही व्हिडिओत आला नव्हता. "ते वेगळं," ती म्हणाली. "सिलिकॉन साचत जातं. लाँग टर्ममध्ये डॅमेज करतं."

"लाँग टर्म म्हंजे किती?"

"म्हणजे... पाच-सात वर्षं."

मालनबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवला. "तवर मी राहिले तर तुझं म्हणणं खरं, माय."

पण प्रियदर्शिनी तत्त्वाची पोर. आजीच्या डोक्यावर ती अधर्म होऊ देणार नव्हती. तिनं आईला घेऊन कोठीचा बाजार गाठला. कोठीच्या त्या दुकानात छतापर्यंत बाटल्या. प्रियदर्शिनी एकेक बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचायची. शेवटी 'कोन' आलं की बाटली बाद. कुठं डायमेथिकोन, कुठं अमोडायमेथिकोन. पुढं 'ऑक्सेन' आलं तरी बाद. रेणूच्या हातात पर्स, छत्री आणि बाद बाटल्या. दुकानदारानं बराच वेळ सोसलं, मग गल्ल्यावरून म्हणाला, "बेटा, शॅम्पू लेना है या इम्तेहान में बैठना है?"

"सिलिकॉन-फ्री कुछ है क्या, भय्या? हीट के लिए?"

"गर्मी के लिए? टाल्कम पावडर है ना."

शेवटी एक बाटली निघाली. मागं एकही कोन नाही, नुसती कसल्या कसल्या पॉलिमरची नावं. प्रियदर्शिनी हरखली. मग तिनं झाकण उघडून वास घेतला आणि तिला आठवलं की आजीला सेंट लागला की अर्धं डोकं दुखतं. बाटली परत फळीवर गेली. रेणूनं संकोचानं एक केसांच्या पिनांचं पाकीट घेतलं. इतकं सगळं खाली उतरवल्यावर काहीच न घेता निघणं तिच्या जिवावर आलं.

"मी घरीच करीन," प्रियदर्शिनी ऑटोत म्हणाली. "जवसाचं जेल. नॅचरल फिल्म फॉर्म होते."

जवस घरात होतेच. अफझलगंजहून आणलेले, चटणीसाठी निवडून ठेवलेले. ते पाण्यात उकळले, ढवळले, आणि पातेल्यात हळूहळू असा एक पदार्थ तयार झाला ज्याला रेणूच्या तोंडी एकच शब्द आला आणि तो तिनं गिळला. मालनबाई स्वयंपाकघरात आल्या. पळीनं तो उचलला. तो पळीवरून खाली पडेना, परत वरही येईना. मधेच लोंबकळत राहिला.

"सर्दी कुणाला झाली?" त्यांनी विचारलं.

"आज्जी! हे डोक्याला लावायचंय!"

"चांगल्या जवसाची ही गत केलीस? ह्यात लसूण-तिखट घातलं असतं तर महिनाभर चटणी पुरली असती."

चाचणी सुरू झाली. प्रियदर्शिनीनं आधी कंगव्यातल्या गळलेल्या केसांवर जेल लावून बघितलं, मग आपल्या एका बटेवर, मग आजीच्या मानेमागच्या बटेवर. तेल बंद झालं, कारण तेलाच्या केसावर तापलेली पट्टी फिरवली की केस तळला जातो म्हणे. "भजी आहेत का?" मालनबाई म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या टाळूला तेल नव्हतं. त्यांचं डोकं दुखू लागलं, केस चारी दिशांना गेले आणि खाली भाजी घ्यायला जायचं त्यांनी बंद केलं. फोटोचा रविवार गेला, पुढचाही गेला. प्रियदर्शिनीचं म्हणणं, केस आधी 'हील' व्हायला हवेत.

"मी दवाखान्यात आहे का फोटोच्या दुकानात?" मालनबाई रेणूला म्हणाल्या. बाकी कुणाला त्या म्हणत नसत. रात्री रेणू त्यांचे पाय चेपून देई तेव्हा त्या छताकडं बघून बोलत. "सुलभीला कुणी विचारलं असतं ना, की बाई, तुला कसं दिसायचंय, तर ती नटून बसली असती. कुणी विचारलंच नाही. मी म्हणले, आपण आपलं विचारून घ्यावं."

"होईल, आत्याबाई. या रविवारी नक्की."

"एवढ्या एकाच फोटोत मला कुणी काथ्या म्हणू नये. बाकी काय मागणं आहे माझं?"

त्यांना काथ्या म्हणणारी सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिच्यानंतर घरात कुणी तो शब्द काढला नव्हता. रेणूला ते बोलून दाखवावंसं वाटलं, पण ती नुसती टाचेला तेल चोळत राहिली. निदान तिथं तरी तेलाला बंदी नव्हती.

मग वैशालीला कळलं. वैशाली ही विकासची धाकटी बहीण, पुण्याच्या सुरेशला दिलेली, आणि आता त्याच्या नोकरीपायी परत हैदराबादेतच, कोंडापूरला. पुण्यात राहून तिची भाषा आणि केस दोन्ही सरळ झाले होते. केस तर पार्लरमधून कायमचे. ती एका दुपारी आली, आईचं डोकं बघून जागीच थबकली आणि पर्समधून सिरमची एक सोनेरी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"वहिनी, दोन थेंब. फक्त दोन थेंब लावायचे, वरून इस्त्री फिरवायची, विषय संपला."

प्रियदर्शिनीनं बाटली उलटी केली. "वैशूआत्या, यात तीन कोन आहेत."

"असू देत ना! तुझी आजी काय भूमिती शिकायला बसली आहे का?"

"हे शॅम्पूशिवाय निघत नाही."

"अगं, निघायला कशाला हवंय? एका फोटोपुरतं हवंय!"

"सगळे असंच म्हणतात. एका लग्नापुरतं, एका पार्टीपुरतं. मग केसांना सवय लागते."

"तिच्या केसांना आता सवय लागून किती लागणार?"

हे बोलून गेल्यावर वैशालीनं जीभ चावली. मालनबाई मात्र सोफ्यावर बसून दोघींकडं आळीपाळीनं बघत होत्या, टेनिसची मॅच बघावी तशा. पुढचे काही दिवस ही मॅच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालली. एकीकडून व्हिडिओ यायचा, दुसरीकडून डॉक्टरचा व्हिडिओ, मग त्या डॉक्टरला खोडणारा दुसरा डॉक्टर. सुरेशरावांनी मधेच 'सुप्रभात' टाकलं तर दोघींनीही त्याला उत्तर दिलं नाही. ज्या डोक्यावरून हे चाललं होतं ते डोकं ग्रुपमध्ये नव्हतं.

शेवटी विकासनं बाजू न घेता तारीख घेतली. कोठीच्या स्टुडिओवाल्या केशवरावांना फोन करून शनिवारची सकाळ ठरवली. केशवराव दुपारी दुकान बंद करून विजयवाड्याला लग्नाला निघणार होते, त्याआधी यायचं. सिरम लावायचं नाही, पण वैशाली समोर हजर राहणार आणि साडी, दागिने तिच्या पसंतीचे, असा तह झाला.

शनिवारी सकाळी प्रियदर्शिनीनं आजीच्या केसांना बटेबटेनं जेल लावलं. "हे पूर्ण सुकू द्यायचं. पूर्ण," तिनं आईला बजावलं. "ओल्या केसावर पट्टी फिरवली तर आतलं पाणी उकळतं. आणि टेम्परेचर मी कमी ठेवलंय, पांढरे केस नाजूक असतात. एकदाच फिरवायची, दुसऱ्यांदा नाही. मी आलेच, एक छोटा कॉल आहे."

छोटा कॉल लांबला. वैशालीचा फोन आला की ती ट्रॅफिकमध्ये अडकली आहे. घड्याळ पुढं चाललं. मालनबाई अंजिरी इरकल नेसून, कानात मोत्याच्या कुड्या घालून, डोक्यावर वाळलेलं जवस घेऊन खुर्चीत ताठ बसल्या होत्या. प्रियदर्शिनीच्या बंद दाराआडून इंग्रजी ऐकू येत होतं.

"रेणू, तू कर."

"मी? प्रिया येईलच की."

"तो केशवराव चालला विजयवाड्याला. तू कर. जन्मभर माझ्या साड्यांना इस्त्री करायलीस, डोक्याला काय निराळी?"

रेणूनं इस्त्री हातात घेतली. सासूच्या केसांना हात लावला तर केस कडक, उभे, खळ दिलेल्या सुती साडीच्या काठासारखे. आणि मग जे झालं ते रेणूनं केलं नाही. तिच्या हातानं केलं. मालनबाईंच्या खळीच्या सुती साड्या ती लग्न झाल्यापासून इस्त्री करत होती. कोरड्या खळीच्या कापडावरून इस्त्री फिरवली तर सुरकुती जात नाही, कापड पिवळं पडतं, हे तिला सासूनंच शिकवलं होतं. आधी पाणी शिंपडायचं. सुतीला आच मोठी ठेवायची. शेजारी टेबलावर पाण्याची वाटी होतीच. रेणूची बोटं वाटीत बुडली, तिनं कपाळावरच्या केसांवर हलक्या हातानं सडा घातल्यासारखं पाणी शिंपडलं, इस्त्रीचा आकडा सवयीनं शेवटपर्यंत वर नेला, आणि बट पट्टीत धरून दाबली.

चर्रर्र.

वाफेचा एक लोट वर गेला. मागोमाग वास आला, पीस जळल्यासारखा. रेणूनं पट्टी उघडली. बट पट्टीबरोबरच आली.

"काय झालं गं?" मालनबाईंनी विचारलं.

"काही नाही, आत्याबाई."

"काही नाही तर फोडणी कशाला दिलीस?"

वासानं प्रियदर्शिनी कानाला हेडफोन लावलेलीच धावत आली. तिनं आजीच्या कपाळावरचं ते बोटभर उजाड बघितलं, आईच्या तळहातावरची तपकिरी बट बघितली, वाटी बघितली, इस्त्रीवरचा आकडा बघितला. "मम्मी! पाणी? तू पाणी शिंपडलंस? मी काय सांगितलं होतं?" आणि ती चक्क रडायलाच लागली. त्याच वेळी उघड्या दारातून वैशाली आत आली. तिनं पर्सही खाली ठेवली नाही. "अगं बाई! मी म्हणत होते. सिरम लावलं असतं तर—"

"सिरम लावलं असतं तरी जळलंच असतं! ओल्या केसावर काहीही लावा!"

"निदान वास तरी बरा आला असता!"

"आत्या, वास?"

दोघी त्या बटेवर तुटून पडल्या. मधे रेणू, हात पुढं केलेला, तळव्यावर बट. जशी काही तिचीच सुनावणी चालू होती. ती एकदा 'अहो' म्हणाली, एकदा 'ऐका' म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं सासूचं एक भांडं फोडलं नव्हतं. आणि आता हे.

मालनबाईंनी टेबलावरचा आरसा उचलला. कपाळाच्या उजव्या बाजूला बघितलं, मान वळवून परत बघितलं. आरसा खाली ठेवला.

"जळायचंच आहे की सगळं एक दिवस," त्या म्हणाल्या. "हे जरा आधी जळालं, इतकंच."

तेवढ्यात प्रियदर्शिनीच्या हेडफोनमधून एक बारीक आवाज आला, "प्रिया? यू आर नॉट ऑन म्यूट."

"चला," मालनबाई उठल्या. "रिक्षा थांबवा. माझं वय काय मागं जायलंय?"

ऑटोत त्या मधे बसल्या. एका बाजूला वैशाली, दुसऱ्या बाजूला प्रियदर्शिनी, आणि दोघी बाहेर बघत. रेणू मागच्या ऑटोतून विकासबरोबर आली. विकास एकदाच बोलला, "तुझा काही दोष नाही." मग थोड्या वेळानं, "पण पाणी कशाला गं शिंपडलंस?"

केशवरावांनी मालनबाईंना बघितलं आणि म्हणाले, "अरे वा अम्मा, पार्लर से आए क्या? बालां मस्त सेट कराए." जवसाचं जेल होतं तिथं तिथं खरंच प्रत्येक कुरळी बट आपापल्या जागी, वळलेली, चमकत बसली होती. हे असं होतं हे प्रियदर्शिनीला माहीत होतं; ती बघायची त्यातल्या निम्म्या व्हिडिओंत हे जेल कुरळे उठावदार करायलाच वापरत. तिनं खाली बघितलं. पुढं मात्र कपाळावर ते उजाड बोट होतं, आणि केशवरावांनी ते बघून सवयीनं न बघितल्यासारखं केलं.

"बालां सीधे होना था," मालनबाई म्हणाल्या.

"तो वो कंप्यूटर में करते ना, अम्मा. क्या बडी बात है."

"कशात?"

केशवरावांनी पडद्यावर कुणाचा तरी फोटो उघडला, माउस जरा इकडं तिकडं सरकवला आणि त्या माणसाला केस आले. आधी नव्हतेच. विकास दोन पावलं पुढं सरकला. बाकी तिघी पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. कोठीची दुकानं, पातेलंभर जवस, सोनेरी बाटली, व्हॉट्सॲपवरचे डॉक्टर, सगळं त्या तिघींच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"कुणी आधी विचारलं नाही होय," मालनबाई म्हणाल्या. "बरं. काढा."

त्या स्टुलावर बसल्या. केशवरावांनी दिवे लावले. एक फोटो निघाला: ओठ मिटलेले, नजर समोर, हात मांडीवर. केशवरावांनी तो पडद्यावर घेऊन केस खाली बसवले, मधोमध भांग पाडला, जळलेलं भरलं. पडद्यावर एक नीटनेटकी म्हातारी आली. चापून बसलेले केस. सपाट. जसे त्यांना हवे होते अगदी तसे.

मालनबाईंनी खूप वेळ बघितलं. "चांगली आहे," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात काही उत्साह नव्हता. "एक आणखी काढा. नमुना म्हणून."

दुसऱ्या फोटोच्या वेळी प्रियदर्शिनीला वाटलं की उजवीकडून घ्यावा, म्हणजे कुरळे नैसर्गिक दिसतील. वैशालीला वाटलं, डावीकडून, म्हणजे जळलेलं झाकलं जाईल. "अंकल, थोडा राइट." "नाही नाही, लेफ्ट से लीजिए." "आज्जी, हनुवटी वर." "आई, खाली, खाली! गळ्याच्या सुरकुत्या दिसतात." एकीनं कुडी सरळ केली, दुसरीनं पदर ओढला, पहिलीनं तो परत सोडवला. कॅमेऱ्यामागं केशवराव घड्याळाकडं बघत होते. त्यांचं विजयवाडा चुकत होतं.

"ए!" मालनबाई गरजल्या. हात वर गेला, बोट उभं राहिलं. "गप बसा दोघी! माझं तोंड आहे हे, की तुमची पंचायत?"

कॅमेरा त्याच वेळी वाजला.

तो फोटो पडद्यावर आला तेव्हा वैशाली म्हणाली, "हा डिलिट करा." प्रियदर्शिनीलाही पहिल्यांदाच आत्याचं पटलं. फोटोत मालनबाईंचं तोंड उघडं होतं, भुवया चढलेल्या, बोट कॅमेऱ्याच्या बाहेर कुणाला तरी दटावत होतं, आणि डोक्यावरचा एक एक कुरळा केस त्या रागाच्या तालावर उभा होता. मालनबाई खुर्ची ओढून पडद्यापाशी बसल्या. आधी सपाट केसांच्या बाईकडं बघितलं, मग हिच्याकडं.

"ती आहे ना, ती भिंतीवर बसून हार घालून घेईल," त्या सपाट केसांच्या फोटोकडं हात करून म्हणाल्या. "दिवा लावला तर लावा, नाही लावला तर नाही. ती काही म्हणायची नाही. माझ्या माघारी तिचं कोण ऐकतंय?" मग दुसऱ्याकडं वळल्या. "हिचं ऐकाल."

"आई, पण हा फोटो भिंतीवर? लोक काय म्हणतील?"

"बोट बघ तिचं. कोण म्हणतंय काय, बघू दे की."

केशवरावांनी बॅग खांद्याला लावली होती, तरी धंद्याच्या मायेनं विचारलं, "अम्मा, ये सामने का जला हुआ तो भर देता मैं. एक मिनट."

मालनबाईंनी मान वळवून मागं बघितलं. रेणू दिव्यांच्या उजेडाबाहेर, दाराला टेकून उभी होती. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"नक्को," मालनबाई म्हणाल्या. "राहू द्या तसंच."

"आत्याबाई, भरून घ्या ना," रेणू म्हणाली. "लोक विचारतील, हे काय झालं म्हणून."

"विचारतीलच. माझ्या तेराव्याला घरभर माणसं येतील आन् तू नेहमीसारखी स्वयंपाकघरात तोंड मिटून बसशील, मला काय ठाऊक नाही? कुणी विचारलं की तू बाहेर यायचं, ह्या फोटोपुढं उभं राहायचं आन् सांगायचं, मी आत्याबाईंना खळीची साडी समजून इस्त्री केली. अस्सं पाणी शिंपडलं, अशी आच मोठी केली. चर्रर्र झालं तेही सांगायचं."

रेणू हसली की रडली ते विकासला कळलं नाही. तिनं पदर तोंडात धरला होता आणि खांदे हलत होते.

"सांगशील का नाही?"

"सांगेन."

"आत्ता सांगून दाखव. केशवरावांना सांग. बघू येतं का."

केशवरावांनी घड्याळाकडं बघितलं, मग मालनबाईंच्या बोटाकडं बघितलं, आणि बॅग खाली ठेवून ऐकायला बसले.